तोंडीचे वीस मार्क

मुलांचे लेखी पेपर बघून तोंडी परीक्षेचे मार्क द्यायचे असतात, असं मला 2014 साली आमच्या पर्यवेक्षकांनी शांतपणे समजावून सांगितलं. माणूस वाईट नव्हता. मुलांसाठी संध्याकाळी उशिरापर्यंत थांबणारा, गरिबाच्या पोराची फी गुपचूप भरणारा. म्हणूनच ते वाक्य जास्त लागलं. मी निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, तरी जूनच्या आसपास दहावीच्या निकालाची चर्चा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सुरू झाली की माझं डोकं पुन्हा तापतं.

मी दादरच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवायची. शाळेचं नाव सांगत नाही, कारण जे आमच्याकडे झालं ते आजूबाजूच्या कितीतरी शाळांत होत होतं. पार्श्वभूमी सगळ्यांना ठाऊकच आहे. आमच्या पिढीनं पाचवीत एबीसीडी गिरवली, 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, आणि पुढे दहावीला भाषांचे ऐंशी मार्क लेखी आणि वीस मार्क तोंडी असा हिशोब ठरला. लेखी बोर्डाची, तोंडी शाळेची. उत्तीर्ण व्हायला शंभरात पस्तीस. म्हणजे शाळेनं अठरा हातावर ठेवले की पोराला बोर्डाच्या पेपरात ऐंशीपैकी सतरा पुरे. हा हिशोब सगळ्यांना तोंडपाठ होता. मुलांना, पालकांना आणि आम्हा शिक्षकांना तर सगळ्यात आधी.

बहुतेक ठिकाणी तोंडी म्हणजे एका तासात वर्ग उरकायचा. हजेरीच्या क्रमानं मुलं टेबलापाशी येणार, गाइडमधल्या पाच-सहा ओळी म्हणणार, जाणार. मी तसं करायचं नाही असं ठरवलं होतं. त्या वर्षी प्रयोगशाळा मोकळी मिळाली. तिथे एकेका मुलाला समोर बसवलं आणि ज्याचं उत्तर कुठल्याच गाइडमध्ये नाही असं काहीतरी विचारायचं, एवढीच अट स्वतःला घालून घेतली. काल काय केलंस? शाळेत कसा आलास? घरी कुणाशी भांडलास? प्रश्न पहिलीच्या पोराला विचारावेत असे, पण इंग्रजीत.

वर्गातला पहिला नंबर आला. कपडे कडक इस्त्रीचे, अक्षर मोत्यासारखं, सहामाहीला इंग्रजीत ऐंशीत बाहत्तर. बसायच्या आत सुरू झाला, ‘दिवाळी इज द फेस्टिव्हल ऑफ लाइट्स.’ मी त्याला थांबवलं आणि विचारलं, तुझ्या घरी चकल्या कोण करतं? इंग्रजीतच विचारलं, सावकाश. तो माझ्याकडे बघत राहिला. मी पुन्हा विचारलं, हातानं सोऱ्या फिरवून दाखवला. त्यानं आवंढा गिळला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाला, ‘दिवाळी इज द फेस्टिव्हल ऑफ लाइट्स.’ मला हसू आलं नाही, पोटात कालवलं. इतक्या वर्षांत त्याला इंग्रजीत कुणी साधा प्रश्नच विचारला नव्हता. त्यात त्याचा काय दोष? पण मी परीक्षा घेत होते. मी त्याला नऊ दिले.

मग थोड्या वेळानं ती मुलगी आली. चाळीत राहणारी, वडील नाहीत, आई दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करायची. लेखी यथातथाच, ऐंशीत तीस-बत्तीसच्या आसपास. स्पेलिंग असं की वाचताना ओठ हलवून अंदाज करावा लागे. मी विचारलं, काल काय झालं? ती म्हणाली, ‘यस्टरडे वॉटर केम फोर ओ’क्लॉक. माय मदर इज नॉट वेल, सो आय गो. वन आंटी पुट हर बकेट फर्स्ट. आय सेड, आंटी, माय नंबर. शी सेड, यू आर स्मॉल. आय सेड, आय ॲम स्मॉल, बट माय नंबर इज बिग.’ मी म्हटलं, ‘देन?’ तर म्हणते, ‘देन शी लाफ. शी गिव्ह मी नंबर.’

काळ चुकले, क्रियापदं चुकली, सगळं मान्य. पण मला पहाटेचे चार दिसले, नळाची रांग दिसली, ती बाई दिसली. प्रश्न कळला, उत्तर सुचलं आणि ते समोरच्यापर्यंत पोचलं. बोलण्याची परीक्षा म्हणजे याहून दुसरं काय? मी तिला सतरा दिले. वर्गात सगळ्यात जास्त तेच होते.

यादी ऑफिसात गेली आणि संध्याकाळी माझ्यासकट परत बोलावली गेली. पर्यवेक्षक म्हणाले, ‘बाई, ह्याला नऊ? उद्या आई-वडील दारात उभे राहतील. शाळेचा पहिला येणारा मुलगा आहे.’ मी काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, ‘अहो, गांगरला असेल.’ बरं, गांगरला असेल. पुन्हा घेऊ का? नको, पुन्हा कशाला, वेळ नाही. त्याचे नऊचे एकोणीस झाले. मी मनातून एवढं धरूनच चालले होते. वाढवावाढवी होणार हे काय मला ठाऊक नव्हतं?

पुढचं मात्र अपेक्षेबाहेरचं होतं. त्यांची पेन्सिल खाली सरकत त्या मुलीच्या नावापाशी थांबली. ‘हिला सतरा? हिची लेखी बघा. लेखीत इतके कमी आणि तोंडीत इतके जास्त, अशी तफावत दिसली तर वर खटकतं. हिला बारा-तेरा ठेवू. तशी पास होतेच आहे.’

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं माझी काहीतरी गफलत होतेय. जिला बोलता येतं तिचे मार्क कमी करायचे, कारण तिला लिहिता येत नाही? मग तोंडी घ्यायचीच कशाला? लेखीच्या मार्कांना चारानं भागायचं आणि रकान्यात टाकायचं, काम झालं. मी हेच बोलले, जरा मोठ्यानं बोलले. हेडक्लार्क फाइलमधून मान वर काढून बघायला लागले. पर्यवेक्षक म्हणाले, ‘बाई, तुम्ही तत्त्वाचं बोलताय, मी शाळेचं बोलतोय.’ मी म्हटलं, मी त्या मुलीचं बोलतेय. त्यावर ते गप्प झाले, पण पेन्सिल हलली नाही. तिचे तेरा झाले. मी त्या यादीवर सही केली नाही. कुणाच्या सहीनं गेली मला माहीत नाही, पण गेली.

चार मार्क. तुम्ही म्हणाल, एवढंच? एवढंच. ती दहावी झाली, कॉलेजात गेली, त्या चार मार्कांनी तिचं काही अडलं नाही. पण दहा वर्षांच्या शाळेत ज्या एका गोष्टीत ती वर्गात पहिली आली होती, ती तिला कधी कळलीच नाही. गुणपत्रिकेवर इंग्रजीची बेरीज तेवढी छापून येते, तोंडीचा आकडा वेगळा दिसत नाही. तिला आजही वाटत असेल की आपलं इंग्रजी कच्चं.

त्यामुळे 2018-19 च्या वर्षी दहावीचा अभ्यासक्रम बदलला आणि भाषांचे हे वीस मार्क काढून टाकले, तेव्हा मला आनंद झाला. कट्ट्यावर फिरायला येणाऱ्या आमच्या शिक्षक मंडळींना मी म्हटलं, बरं झालं, नाटक एकदाचं बंद झालं. खोट्या तोंडीपेक्षा तोंडी नसलेली बरी.

मग 2019 च्या जूनमध्ये निकाल लागला. आदल्या वर्षी राज्याचा 89.41 टक्के होता, तो 77.10 वर आला. वर्तमानपत्रं, पालक, पुढारी, सगळे खवळले. सीबीएसई-आयसीएसईच्या मुलांना शाळेचे मार्क मिळतात, आमच्या मुलांना नाहीत, अकरावीच्या यादीत आमची मुलं मागे पडणार, हा मुद्दा होता आणि तो खोटा नव्हता. आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या बाईंचा मुलगा इंग्रजीतच अडकला. हा मुलगा सुट्टीत एका दुकानात उभा राहून परदेशी गिऱ्हाइकांशी मजेत बोलायचा, मी स्वतः ऐकलंय. त्याची तोंडी कुणी खरी घेतली असती, तर तो स्वतःच्या हिमतीवर सुटला असता. आणि खोटी घेतली असती, तरीही सुटलाच असता! त्या दिवशी मला वाटलं, खैरात का होईना, ते वीस मार्क असायला हवे होते. वर्षभरापूर्वी मीच ‘बरं झालं’ म्हणत होते. दोन्ही वेळा मी मनापासून बोलत होते, त्याला काय करणार? ऑगस्टमध्ये सरकारनं मार्क परत आणले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. एका वर्षात महाराष्ट्राची मुलं इतकी हुशार झाली, हे मी तरी मानत नाही.

हे सगळं उगाळायला निमित्त झालं ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं. तो चीनमध्ये शेन्झेनला एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या खरेदी विभागात आहे. गणपतीला आला होता, पार्कात भेटला, आम्ही कट्ट्यावर बसलो. त्याच्या शेजाऱ्यांची मुलगी तिथल्या बारावीला होती, ‘गाओकाओ’ नावाची ती प्रसिद्ध प्रवेश परीक्षा देणारी. त्यानं सांगितलं की त्यांच्या ग्वांगदोंग प्रांतात इंग्रजी ऐकण्या-बोलण्याची परीक्षा 2011 पासून संगणकावर होते. इंग्रजीच्या दीडशे मार्कांत आधी ती पंधराची होती, आता वीसची आहे. मी म्हटलं, वीस? तिथेही वीसच?

मुलं कानाला हेडफोन लावून बसतात. आधी छोटी चित्रफीत दिसते आणि तिच्याबरोबर, त्याच चालीत, मोठ्यानं वाचायचं. मग संभाषण, त्यात मुलानं तीन प्रश्न विचारायचे आणि पाचांची उत्तरं द्यायची. शेवटी एक गोष्ट ऐकायची आणि आपल्या शब्दांत सांगायची. आवाज मुद्रित होतो. तपासताना मुलाचा चेहरा, शाळा, लेखीचे मार्क, काही म्हणजे काही दिसत नाही. मी ते ऐकून हरखले. मुलानं प्रश्न विचारायचे, ही कल्पनाच आपल्याकडे नाही. आपल्याकडे प्रश्न मोठ्यांनी विचारायचा आणि मुलानं निबंध म्हणायचा.

तो म्हणाला, ‘बाई, फार खूश होऊ नका. तिथेही मुलं वाक्यांचे साचे पाठ करतात. त्या शेजारच्या मुलीला सगळी परीक्षा येते, पण लिफ्टमध्ये भेटली की माझ्याशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलत नाही.’ यंत्रासमोर नळाची गोष्ट कोण सांगणार, आणि यंत्र ‘देन?’ असं थोडंच विचारणार?

त्यानंच मला जेजियांग प्रांतातलं प्रकरण सांगितलं. 2018 च्या नोव्हेंबरात तिथे गाओकाओचा इंग्रजीचा पेपर अवघड गेला, म्हणून अधिकाऱ्यांनी काही प्रश्नांचे मार्क परस्पर वाढवून दिले. पालक संतापले. चौकशी बसली, वाढीव मार्क रद्द झाले, मूळ मार्क परत आले आणि प्रांताच्या शिक्षण खात्याच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं. तिथली राज्यव्यवस्था मला नकोच आहे, पण हे ऐकून मी बराच वेळ बोलले नाही. तिकडे मार्क फुकट वाढवले म्हणून लोक भडकले. आपल्याकडे फुकटचे मार्क काढून घेतले म्हणून भडकले.

आता यात इंग्रजी माध्यमाचा विषय निघतोच. शिवाजी पार्कात दादासाहेब रेग्यांनी 1940 साली बालमोहन ही मराठी शाळा काढली, तेव्हापासून मराठीतून शिकवणं ही इथली प्रतिष्ठेची गोष्ट होती. आज तिथेच शिकलेल्यांची नातवंडं माहीमला बॉम्बे स्कॉटिश या इंग्रजी शाळेच्या प्रवेशासाठी धडपडताना दिसतात. ‘इंग्रजी बोलता यायला हवं,’ एवढंच कारण सांगतात. आम्ही मराठी शाळांनी इंग्रजी बोलायला खरंच शिकवलं असतं आणि त्याची खरी परीक्षा घेतली असती, तर निदान ह्या कारणासाठी कुणी मराठी शाळा सोडली नसती. सरकारला शिव्या घालणं सोपं आहे, मीही घालते. पण वर्गात पोराला इंग्रजीत प्रश्न विचारायला कुठल्या मंत्र्यानं कुणाला अडवलं होतं?

बोर्डाकडे माझी एकच मागणी आहे. तोंडीचे वीस मार्क गुणपत्रिकेवर वेगळ्या रकान्यात छापा. कुणाला ऐंशीत बाहत्तर आणि वीसात नऊ असतील तर तसं दिसू द्या, आणि कुणाला ऐंशीत तीस आणि वीसात सतरा असतील तर तेही दिसू द्या. शाळाशाळांत परीक्षकांची अदलाबदल करा, म्हणजे लेखीचे मार्क बघून पेन्सिल चालवायला कुणी बसणार नाही. आणि आज इंग्रजी शिकवणाऱ्या बाई-सरांना सांगणं एवढंच, की यादी भरण्याआधी प्रत्येक मुलाला एक तरी असा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला आधीपासून माहीत नाही.