कोणी अडवतं का रस्त्यात?

मुलांनो, तुमच्या शाळेची सहल जाते ना? मग मला एक सांगा, मागच्या सहलीतलं तुम्हाला काय आठवतं?

मी स्वतःचं सांगतो. मी सहावीत असताना आमची सहल एका दिवसात सहा ठिकाणं करून आली होती. त्यातलं मला आठवतं ते एवढंच : गाडीचा मागचा बाक, उलटी झालेला माझा शेजारी आणि ‘चला, चला, उशीर होतोय’ असं ओरडणारे आमचे गुरुजी!

गंमत बघा, मी गुरुजी झालो आणि तेच करायला निघालो. आमची शाळा सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे. सहलीचा कागद मी मोठ्या उत्साहानं केला. सकाळी अक्कलकोट, मग नळदुर्ग, दुपारी तुळजापूर, संध्याकाळी सोलापूरचा भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव. मुख्याध्यापकांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “गुरुजी, सहल काढताय की शर्यत?”

मी वरमलो. वर्गात येऊन सगळी नावं फळ्यावर लिहिली आणि मुलांना म्हटलं, “एक दिवस, एक गाव. कुठलं ठेवायचं?” नळदुर्ग निवडून आलं. कारण एका मुलीनं विचारलं होतं, “गुरुजी, तिथं पाण्याच्या आत महाल आहे म्हणतात. खरं का?”

खरं आहे बरं का! नळदुर्ग हे धाराशिव जिल्ह्यातलं, सोलापूर–हैदराबाद रस्त्यावरचं गाव. तिथल्या किल्ल्यात बोरी नदीवर दगडी बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली तो बांधला. पावसाळ्यात नदी भरली की बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं. त्या धबधब्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. आणि आत महालात उभं राहिलेला माणूस कोरडाच्या कोरडा!

पण एवढा भक्कम किल्ला इथंच का? कारण हे सीमेवरचं गाव. विजापूरची आदिलशाही, अहमदनगरची निजामशाही आणि गोवळकोंड्याची कुतुबशाही, या राज्यांच्या ओढाताणीत नळदुर्ग सापडलेलं असायचं. पुढं ते हैदराबादच्या निजामाच्या राज्यात गेलं. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा सोलापुरात तिरंगा फडकला, पण जेमतेम ४५ किलोमीटरवरच्या नळदुर्गात नाही. कारण हैदराबाद संस्थान भारतात सामील व्हायला तयार नव्हतं. रझाकार नावाच्या हत्यारबंद टोळ्यांनी लोकांना सळो की पळो करून सोडलं होतं. अनेक कुटुंबं रातोरात सीमा ओलांडून सोलापूरकडं आली.

हे सगळं मी वर्गात सांगितलं, फळ्यावर तारखासुद्धा लिहिल्या. मग सहलीसाठी नावं घ्यायला सुरुवात केली. पंचेचाळीस मुलांपैकी चव्वेचाळीस नावं आली. सातवीतला एक मुलगा मान खाली घालून म्हणाला, “घरी नको म्हणतात.”

मला वाटलं, पैशाची अडचण असेल. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो आणि बसल्या बसल्या म्हणून टाकलं, “वर्गणीची काळजी करू नका, मी भरतो.” त्याच्या वडिलांचा चेहरा उतरला. “गुर्जी, पैशाचं काय नाही,” ते हळूच म्हणाले आणि त्यांनी आत बोट दाखवलं. आत घोंगडीवर त्यांची आजी बसली होती. म्हणजे आपल्या गड्याची पणजी. वय पंच्याऐंशीच्या पुढं. न विचारता अंदाज बांधला, याची मला फार लाज वाटली.

पणजी म्हणाल्या, “मास्तर, पोराला त्या वाटंनं नेऊ नगा.”

मग त्या सांगत गेल्या. त्यांचं माहेर नळदुर्गच्या पलीकडचं. त्या वेळी त्या नऊ-दहा वर्षांच्या. रझाकारांच्या भीतीनं गाव सोडायचं ठरलं. शेजारच्या चाचांनी आपली बैलगाडी जुंपून दिली आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढून ठेवल्या, वाजू नयेत म्हणून. पण रस्त्यात नाक्यावर गाडी अडवलीच. आईच्या हातातल्या चांदीच्या पाटल्या काढून घेतल्या आणि वडिलांना खाली उतरवून ठेवलं. “गाडी म्होरं निघाली आन् बाप मागं ऱ्हायला. मला वरडायची बी चोरी,” पणजी म्हणाल्या. वडील परत भेटले ते पुढं, हैदराबाद भारतात आल्यावर. तोवर महिने गेले होते. त्यानंतर पणजी तुळजापूरला गेल्या, पंढरपूरला गेल्या, पण त्या रस्त्यानं पुन्हा कधी गेल्या नाहीत.

मी काय बोलणार? मी फळ्यावर तारखा लिहिल्या होत्या : १३ सप्टेंबर १९४८, भारतीय सैन्य सोलापूरकडून निघालं, बोरीवरचा पूल शाबूत हाती लागला, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. १७ सप्टेंबर, हैदराबाद शरण आलं. हाच आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सगळं बरोबर होतं. पण त्या तारखांची वाट बघत बसलेली एक लहान मुलगी आमच्याच गावात आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

उठताना पणजींनी मला विचारलं, “आता कोणी अडवतं का रस्त्यात?”

“नाही आजी,” मी म्हणालो, “पण माझं ऐकू नका. तुमच्या पणतूलाच बघून येऊ द्या.”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी पंचेचाळिसावं नाव आलं.

मग आमची तयारी खरी सुरू झाली. आम्ही गट पाडले. एका गटानं एसटीच्या सवलतीच्या भाड्याची चौकशी करून प्रत्येकाची वर्गणी काढली. दुसऱ्यानं वेळ मांडली. पाणीमहालाला दीड तास, उपळ्या बुरुजाला एक तास, जेवणाला एक तास आणि नुसतं बसायला अर्धा तास! (हा अर्धा तास मुलांनीच मागून घेतला.) तिसऱ्याकडं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पाणी. चौथ्याकडं औषधाची पेटी, पालकांची संमतिपत्रं आणि एक नियम : तटावर आणि बंधाऱ्याच्या कडेला पळायचं नाही. पाचव्या गटानं प्रश्नांची यादी केली. उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या किती? वरच्या तोफांचं तोंड कुठल्या दिशेला? आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत : ‘कोणी अडवतं का रस्त्यात?’

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही गेलो. धबधबे बारीक झाले होते, थोडी निराशा झाली. पण महालात मुलं अशी रमली की दीड तास पुरला नाही. मला मात्र आठवतो तो जातानाचा रस्ता. नेहमी दंगा करणारी गाडी त्या दिवशी चिडीचूप होती. सगळे खिडक्यांतून सीमा शोधत होते. ज्वारीची शेतं गेली, धाबे गेले, जिल्हा बदलल्याची पाटी गेली. कोणीच अडवलं नाही. नळदुर्ग आलंसुद्धा.

संध्याकाळी परतल्यावर मी त्या मुलाला घरापर्यंत सोडायला गेलो. तो धावत आत गेला आणि ओरडला, “पणजे, कुणीसुदिक अडवलं न्हाई! कळलं बी न्हाई कवा गेलो त्ये!”

पणजींनी त्याला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, “परत एकदा सांग.”

तेव्हा मुलांनो, तुमची सहल ठरेल तेव्हा एक करा. गाडी ठरवण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा आणि विचारा, “मी तिकडं चाललोय, तुमच्यासाठी काय बघून येऊ?” काय उत्तर मिळालं, ते मला जरूर कळवा.