वीकेंडला सोलापूर, बे!

सोलापूर म्हटलं की पुण्या-मुंबईच्या मंडळींच्या डोळ्यांसमोर काय येतं? चादर, टॉवेल, शेंगाचटणी आणि ऊन. बस्स! ‘मी वीकेंडला सोलापूरला चाललेय,’ असं मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं, तर पहिला रिप्लाय आला, ‘कोणाचं लग्न?’ आता गंमत बघा, मी खरोखर लग्नालाच निघाले होते. फक्त हे लग्न बाराव्या शतकातलं आहे आणि सोलापूर ते दरवर्षी नव्यानं लावतं.

सिद्धरामेश्वर हे शिवयोगी. कन्नडमध्ये वचनं लिहिणारे, तलाव खोदून घेणारे, गावाभोवती ६८ लिंगं स्थापणारे. एका कुंभारकन्येनं त्यांच्याशीच लग्न करायचा हट्ट धरला, अशी कथा सांगतात. योगी माणूस, लग्न कसं करणार? मग तोडगा निघाला. लग्न त्यांच्याशी नाही, त्यांच्या योगदंडाशी! जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास भरणारी गड्ड्याची यात्रा म्हणजे याच लग्नाचा सोहळा. पहिल्या दिवशी सात नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. त्याला म्हणतात यण्णीमज्जन, म्हणजे तेलाचं स्नान. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता. मग होम, शोभेचं दारूकाम आणि शेवटी कप्पडकळी. शब्द कन्नड, गर्दीतल्या गप्पा मराठी, मागून कुणीतरी तेलुगूत पोराला हाका मारतंय, आणि फुगेवाला दखनीत भाव सांगतोय. एका शहरात एवढ्या भाषा, आणि सगळ्यांना सगळं कळतं.

अक्षतांचा क्षण मात्र बघायलाच हवा. पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांचा समुद्र, हलग्यांचा कडकडाट, आणि संमतीवाचनात ‘दिड्डम’ हा शब्द आला की हजारो हात एकदम वर! डोक्यात, कॉलरमध्ये, कॅमेऱ्याच्या लेन्सवर, सगळीकडे तांदूळ. २०२१ साली करोनाच्या निर्बंधांमुळे हीच यात्रा मोजक्या माणसांत करावी लागली होती. त्याच काळात शहरोशहरीच्या व्याख्यानमाला वेबिनार झाल्या. ‘माझा आवाज येतोय का?’ हे त्या वर्षीचं सगळ्यात गाजलेलं वाक्य असावं. व्याख्यान एकवेळ स्क्रीनवर ऐकता येतं हो, पण अक्षता कुठं टाकणार? कीबोर्डवर?

नंदीध्वज म्हणजे दोन मजल्यांहून उंच काठी. ती पेलायचा सराव यात्रेच्या कितीतरी दिवस आधी सुरू होतो. बाराबंदीतला एक मुलगा गर्दीत शेजारी उभा होता. एरवी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. ‘मॅनेजरचा फोन आला, म्हणाला काय करलालास बे?’ त्यानं सांगितलं. मॅनेजरही सोलापूरचाच, म्हणून ‘बे’. (घाबरू नका, इथं ‘बे’ प्रेमानं म्हणतात.) ‘मग तू काय म्हणालास?’ ‘काठीला आलोय म्हटलं. तो म्हणाला, मग ठीक आहे.’

याच शहरात त्याच आठवड्यात मी एका व्याख्यानाला बसले होते. हॉलचं नाव सांगत नाही, कारण गोष्ट बहुतेक हॉलांची आहे. साडेसहाचा कार्यक्रम सव्वासातला सुरू. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अकरा जणांचे सत्कार, ‘वेळेअभावी थोडक्यात’ म्हणून वीस मिनिटं प्रास्ताविक. वक्ता उभा राहिला तेव्हा आठ वाजले होते. आणि तरीही लोक हलले नाहीत! सोलापूरचा श्रोता चिवट आहे, तन्मयतेनं ऐकतो, चुकलेली साल-तारीख जागेवर दुरुस्त करतो. पण डोकी मोजली तर दहातली आठ पांढरी. आयोजक काका कळवळून म्हणाले, ‘तुमच्या वयाचं कुणी येतच नाही हो. सगळे पुण्याला.’ पण काका, ती पोरं दोन रस्ते पलीकडे काठी पेलताहेत की! तिथं त्यांना काम आहे, इथं नुसती खुर्ची. आणि तीही मागची, पुढच्या राखीव.

काका चुकीचं सांगत नव्हते, हेही खरं. शिकलेली पोरं इथून जातात आणि त्यांच्याबरोबर उद्याचा प्रेक्षकही जातो. अतुल कुलकर्णीसारखा नट इथल्या ‘नाट्य आराधना’ संस्थेतून पुढे गेला. मारुती चितमपल्ली सोलापुरात जन्मले आणि २००६ साली इथल्याच ७९व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. अख्खी हयात जंगलात काढून ते शेवटी पुन्हा इथंच आले, २०२५ मध्ये इथंच गेले. शहराला ऐकायची भूक आहे, हे नक्की.

जायचंच तर १२ जानेवारी सोडू नका. मे १९३० मध्ये सोलापूरनं काही दिवस इंग्रजांचा अंमलच झुगारून दिला आणि सरकारनं इथं मार्शल लॉ लावला. पुढे १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवत. जेमतेम विशीतले, म्हणजे माझ्याहून लहान! चौघांचे पुतळे शहराच्या मध्यात शेजारी-शेजारी उभे आहेत. जिथं नाटकं आणि मैफली होतात ते हुतात्मा स्मृती मंदिरही त्यांच्याच नावाचं. तिकीट काढताना नाव एकदा नीट वाचा.

बाकी कॅलेंडर असं आहे. नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथोत्सव, तेव्हा पूर्व भागातली तेलुगू गल्ली न् गल्ली रस्त्यावर असते. दिवाळीच्या मागेपुढे ‘प्रिसिजन गप्पा’. कॅमशाफ्ट बनवणाऱ्या कंपनीच्या फाउंडेशनचा हा कार्यक्रम, गाणं आणि मनमोकळ्या मुलाखती. सत्कारांना कंटाळलेल्यांनी सुरुवात इथून करावी. छोट्या कार्यक्रमांसाठी मात्र ॲप शोधत बसू नका. स्थानिक पेपरातला ‘शहरात आज’ छाप कॉलम बघा, नाहीतर पार्क चौकातले फ्लेक्स वाचा. तिथं पंधरा दिवसांचं सगळं लटकलेलं असतं.

पुण्याहून अडीचशे किलोमीटर. मुंबईहून फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत आहे, ती पुण्यावरूनच जाते. यात्रेच्या दिवसांत हॉटेलं भरतात, तेव्हा आधी बुकिंग करा. जानेवारीत हुरड्याचा सीझन असतो. सकाळ शेतावर, दुपार झोपेत आणि संध्याकाळ हॉलमध्ये. साडेसहाचा कार्यक्रम असेल तर सातला पोहोचलात तरी चालतं. आणि परत येताना कडक भाकरी आणाच, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये दोन आठवडे सहज टिकते.