आयचे गुडघे

पहाटे आय भिंत धरून उठती. गुडघे लाकडागत ताठ. 1972 च्या दुष्काळात तिनं खडी फोडली, पुढं वीस वर्षं मुकादमाच्या शिव्या खात पाट्या वाहिल्या. त्याचा हिशेब हजेरीपटात नाही, सांध्यात आहे. डॉक्टर म्हणाला, "वय झालं." वय तर गावच्या पाटलिणीचंही झालंय. ती टुणटुणीत. पाटी कुठं वाहिली तिनं?

दोस्तहो, रात्रभर न हललेला सांधा सकाळी आखडतो. तो किती वेळात सुटतो ते घड्याळात बघा. अर्ध्या तासात सुटला तर बहुधा झीज. तासाच्या वर राहिला, बोटांचे सांधेही सुजले, तर आमवात असू शकतो. त्याची औषधं निराळी, आणि उशीर केला तर सांधे वाकडे होतात.

आय आता अंथरुणातच पाय लांब करून मांडी आवळती, पाच मोजून सोडती, असं दहादा. मांडी बळकट झाली की गुडघ्याला आधार मिळतो. मग कोमट पाण्याचा शेक. दुकानातनं आणून रोज दुखीची गोळी गिळणं बंद केलं. पोट नि मूत्रपिंड बिघडतं त्यानं.

उकिडवं बसणंही सोडलं. भाकरी स्टुलावर बसून. शेजारीण हसली, "म्हातारी मॅडम झाली!"

"झाले की," आय म्हणाली, "चहा टाक."