साडेसहाशे शब्द

माणसाने स्वतःविषयी किती बोलावे, याला आपल्याकडे काही माप नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारचा गृहस्थ पहिल्या वरणभातापासून विड्यापर्यंत स्वतःचेच पुराण लावतो आणि आपण मुकाट्याने माना डोलावतो. अमेरिकेत मात्र मी हे माप ठरलेले पाहिले. साडेसहाशे शब्द!

२०२४ च्या ऑक्टोबरात मी न्यू जर्सीला लेकीकडे होतो. नात बारावीत. आपल्यासारखे निकाल हाती आल्यावर अर्ज करायचे, असे तिकडे नाही. वर्षाच्या आरंभीच धावपळ सुरू. ‘कॉमन अ‍ॅप’ नावाचा एक अर्ज असतो. तो एकदा भरला की वीस कॉलेजांपर्यंत पाठवता येतो. १९७५ साली पंधरा कॉलेजांनी मिळून ही सोय काढली, आज तिच्यात हजारावर आहेत. नववीपासूनचे गुण, शिक्षकांची शिफारसपत्रे, शाळेबाहेरच्या उद्योगांची यादी—तीही दहांपर्यंतच, आणि एकेकाच्या वर्णनाला दीडशे अक्षरे! या सगळ्यावर कळस म्हणजे निबंध. तू कोण आहेस, ते साडेसहाशे शब्दांत सांग.

नातीच्या आवडत्या कॉलेजची मुदत होती १ नोव्हेंबर. तिथे प्रवेश मिळाला तर तिथेच जाईन, असे वचन देऊन हा लवकरचा अर्ज करायचा असतो. आणि पुण्याहून नेलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात नेमके त्याच चौकोनात लक्ष्मीपूजन! लेकीचा एक डोळा कढईतल्या चकलीवर, तर दुसरा मुलीच्या संगणकावर.

दोन दिवस उरले असताना नात माझ्याजवळ येऊन बसली.

“आबा, तुम्ही शाळेत किती मैल चालत जायचात?”

“चार,” मी सवयीने म्हणालो.

“मागे सहा म्हणाला होतात.”

“पावसाळ्यात सहा व्हायचे. ओढ्याला वळसा पडायचा.”

ती हसली. मग म्हणाली, “निबंध मी तुमच्यावर लिहिलाय.” आणि तिने तो वाचून दाखवला. गरीब शेतकऱ्याचा हुशार मुलगा. १९६६ साली अकरावीची एस. एस. सी. चांगल्या गुणांनी पास झाला. वडिलांपाशी फीला पैसे नव्हते म्हणून कॉलेजला मुकला. त्याचे अपुरे स्वप्न आता नात पुरे करणार. लेकीचे डोळे पाणावले. माझे मात्र पाणावेनात.

“शेवटी सही करावी लागते,” नात म्हणाली, “यातलं सगळं खरं आहे म्हणून. खरं आहे ना, आबा?”

इतकी वर्षे ही गोष्ट मी सांगत आलो. पण तिच्याखाली सही कर, असे मला कुणी कधी म्हटले नव्हते.

मी म्हणालो, “नाही.”

आणि मग सांगून टाकले. गरिबी होती, पण फीला ई. बी. सी. ची सवलतही होती. मास्तरांनी फॉर्म भरून दिला होता. वडील म्हणाले होते, “जा तू. बाकीचं मी बघतो.” एस. टी. ने मी जिल्ह्याच्या गावी गेलो, कॉलेजच्या फाटकापर्यंत पोचलो. आत पॅंट-शर्टातली मुले फाडफाड इंग्रजी बोलत होती. मी लेंगा-टोपीत. समोरच्या चिंचेखाली दुपार होईतो बसलो आणि फॉर्म तसाच खिशात घालून परत आलो. घरी सांगितले, “सवलत आपल्याला लागू होत नाही म्हणतात.” वडिलांनी विश्वास ठेवला. आपल्या गरिबीने पोराचे शिक्षण अडवले, हा सल उराशी धरूनच ते गेले. भ्यालो मी आणि बोल लागला त्यांना.

लेक चिडली. “बाबा, हे आजच सांगायचं होतं? आता दोन दिवसांत दुसरा निबंध आणायचा कुठून?”

नात काही बोलली नाही. संगणक मिटून ती वर गेली.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला ती आली, ती जागरणाने लाल झालेले डोळे घेऊन. “आबा, नवा लिहिला,” ती म्हणाली. “यात तुम्ही अगदी थोडे आहात. बाकी माझीच भीती आहे.” मी तो वाचायला मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली, दाराशी शेजाऱ्यांच्या भोपळ्यांसमोर आमच्या पणत्या तेवू लागल्या. रात्री उशिरा नात संगणकापुढे बसली. तिचे बोट बटणावर नुसतेच टेकलेले होते.

“आबा, जरा इथे उभे राहा ना.”

मी उभा राहिलो. तिने बटण दाबले.

त्या कॉलेजचा डिसेंबरात नकार आला. पुढे दुसरीकडे प्रवेश मिळाला आणि ती तिथे रमलीही. मला राहून राहून आठवते ते तिचे बटणावर टेकलेले बोट. वाटते, तेव्हा त्या फाटकाशी माझ्याजवळ कुणी असे उभे असते, तर—

पण नको. पुराण पुन्हा सुरू व्हायचे ते असेच.