लाईट बिल आणि शेजाऱ्याचा हक

मे महिन्यात लाईट बिल हातात पडलं आणि मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दर महिन्याला पाचशेच्या आसपास येणारं बिल या वेळी ५,९६० रुपयांचं होतं. वापर ४३६ युनिट. घरात एसी नाही, गिझर उन्हाळ्यात बंद. फ्रिज, चार पंखे, टीव्ही आणि दिवसाआड चालणारं वॉशिंग मशीन, एवढाच आमचा संसार.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखे रात्रंदिवस फिरतात हे मान्य. पण पंखा साधारण ७५ वॅटचा. १००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट होतं, म्हणजे एक पंखा तेरा-चौदा तास फिरल्यावर कुठे एक युनिट. हिशोब कितीही ताणला तरी ४३६ होईना.

वीज कंपनीच्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या माणसाने मीटरचा फोटो दाखवला. रीडिंग बरोबर होतं. "वापरलंय म्हणून आलंय. आधी भरा, मग तक्रार करा." घरमालकांना फोन केला, तर ते म्हणाले, "सर, बिल भाडेकरूनेच भरायचं, करारात लिहिलंय." मी गप्प बसलो. हे घर मिळायला आम्हाला तीन महिने लागले होते. फोनवर नाव सांगितलं की अनेक ठिकाणी फ्लॅट अचानक 'कालच गेलेला' असायचा. अशा घराच्या मालकाशी वाद घालताना जीभ जड होते.

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी एक साधी युक्ती सांगितली. घरातला मेन स्विच बंद करायचा आणि खाली मीटरचा लाल दिवा लुकलुकतो का ते पाहायचं. लुकलुकला तर वीज दुसरीकडे कुठेतरी जाते आहे. रविवारी बायकोने वर मेन बंद केला आणि मी जिन्याखाली मीटरसमोर उभा राहिलो. आमच्या नंबरच्या मीटरचा दिवा जोरात लुकलुकत होता. मला आधी आनंदच झाला. चोरी सापडली! मग शेजारच्या मीटरकडे नजर गेली. त्याचा दिवा थांबला होता. बायकोला फोनवर मेन चालू करायला सांगितला, तर तो लुकलुकू लागला. पुन्हा बंद, पुन्हा थांबला.

ते मीटर समोरच्या फ्लॅटमधल्या खालांचं होतं.

म्हणजे वायरींची अदलाबदल होती. आमची वीज त्यांच्या मीटरवर आणि त्यांची आमच्या मीटरवर. खाला विधवा, एकट्या राहणाऱ्या. मुलगा आखातात नोकरीला. तो एप्रिलमध्ये बायका-मुलांसह सुट्टीवर आला आणि आईसाठी दीड टनाचा एसी बसवून घेतला. तो एसी आमच्या बिलात आला होता.

जिना चढता चढता दुसरी बाजू लक्षात आली आणि पाय जड झाले. आम्ही इथे राहायला येऊन चौदा महिने झाले होते. त्यातले तेरा महिने एकटी बाई एका पंख्यावर आणि दोन दिव्यांवर राहत होती आणि तिचं ते छोटं बिल मी भरत होतो. आमच्या चार माणसांचं बिल ती भरत होती. संध्याकाळी खाला दार उघडं टाकून जिन्यातल्या दिव्याच्या उजेडात तस्बीह घेऊन बसायच्या. आम्हाला वाटायचं, एकटेपणा. त्या लाईट वाचवत होत्या. आणि मी? वर्गात मुलांना इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, कशी टाळावी हे शिकवताना स्वतःच्या पाचशेच्या बिलाचं उदाहरण देत होतो. घरात तर मी त्याला बरकत म्हणायचो.

त्या रात्री आम्ही दोघं बराच वेळ जागे होतो. या महिन्याचं बिल तेवढं दुरुस्त करून घ्यावं, मागचं कुणाला कळणार आहे, हा विचार माझ्याच मनात आला, बायकोच्या नाही. ती म्हणाली, "कळणार नाही म्हणूनच तर सांगायला हवं."

दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांची बिलं समोर ठेवून हिशोब केला. नुसते युनिट मोजून भागत नाही. वापर वाढला की वरच्या टप्प्यातल्या युनिटचा दर चढा लागतो, त्यामुळे प्रत्येक महिन्याची बिलं एकमेकांच्या नावावर टाकून फरक काढला. तेरा महिन्यांत मी त्यांचे ११,६४० रुपये लागत होतो. शेवटच्या महिन्याचे ते माझे ४,५२० लागत होते. उरले ७,१२०. खालांचा मुलगा म्हणाला, "राहू द्या सर, चूक वायरमनची." खाला मात्र काही बोलल्या नाहीत, आणि ते मला बरं वाटलं. दोन हप्त्यांत पैसे दिले. त्यांनी मोजून घेतले.

जोडणी घरमालकांच्या नावावर असल्याने दुरुस्तीच्या अर्जावर त्यांची सही लागली. या वेळी जीभ जड झाली नाही. दोन्ही घरांचा अर्ज एकत्र दिला, कंपनीचा माणूस येऊन वायरी बदलून गेला. कुणावर अशी वेळ आली तर घाबरू नका. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी पुरवठा तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते आणि बिलाबद्दल वाद असेल तर हरकत नोंदवून रक्कम भरता येते. पण त्याआधी मेन बंद करून मीटर पाहा. घर बदललं की पहिल्याच दिवशी पाहा. मी चौदा महिने उशिरा पाहिलं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. 'हक्क' शब्द आला की मराठीच्या तासाला मुलं वाक्य करतात, 'हा माझा हक्क आहे.' उर्दूत तोच 'हक' अदा करायचा असतो, म्हणजे दुसऱ्याचा त्याला पोहोचवायचा असतो. वीज कंपनीच्या खिडकीशी मी पहिल्या अर्थाने भांडायला गेलो होतो.

पैसे दिले त्या दिवशी निघताना खालांनी एवढंच विचारलं, "अब रातभर पंखा लगाई तो चलता ना, बेटा?"

आता आमचं बिल साडेचौदाशेच्या आसपास येतं. महिनाअखेरीला ते जड जातं, पण ते आमचं आहे.