वहींत न मांडलेला खर्च

सन २०२० च्या टाळेबंदींत ह्यांचा पगार निम्म्यावर आला, त्या रात्रीं मीं मुलांची एक अर्धी कोरी वही काढली व तिच्या पहिल्या पानावर ‘किराणा आणि भाजी’ असें ठळक अक्षरांत लिहिलें. सासूबाई, हे, मी आणि शाळेंत जाणारीं दोन मुलें, अशीं घरांत पांच माणसें. घरभाडें थांबणारें नव्हतें, शाळेची फी थांबणारी नव्हती. माझ्या हातांत असें एकच खातें होतें, तें स्वयंपाकघराचें.

काटकसर म्हणजे निकृष्ट खाणें नव्हे, ही शिकवण मला माहेरचीच. म्हणून प्रथम मीं रात्रीच्या जेवणाकडे पाहिलें, कारण खरी गळती तेथेंच होती. सकाळचा पोळी-भाजी व वरण-भात ठरलेला असे. रात्रीं मात्र मुलांना ‘कांहीं तरी वेगळें’ लागे, आणि तें वेगळें म्हणजे पनीर, चीज, पाव व तयार मसाल्यांच्या पुड्या! त्याऐवजीं मटकीची उसळ आणि ज्वारीची भाकरी आली. वाटीभर मटकी भिजून, मोड येऊन अडीच वाट्यांवर जाते, तेव्हां पदरांत पडलेलें तें जणूं व्याजच वाटे. मुगाच्या डाळीची खिचडी आणि ताकाची कढी आली, कुळथाचें पिठलें आलें, भाजणीचें थालीपीठ आलें. १०० ग्रॅम कोरड्या डाळींत २२ ते २४ ग्रॅम प्रथिनें असतात. शिवाय तांदळाच्या प्रथिनांत जें उणें असतें तें डाळ भरून काढते, आणि डाळींतलें उणें तांदूळ भरून काढतो. आपल्या आज्यांची खिचडी आहारशास्त्राच्या कसोटीला अशी पुरेपूर उतरते.

उन्हाळ्यांत धान्य भरण्याची सासूबाईंची रीत आम्हीं ‘जागा कोठें आहे?’ म्हणून केव्हांच सोडली होती, ती पुन्हां धरली. तूरडाळ व ज्वारी उन्हांत वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून डब्यांत भरली. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालींची तीळ घालून चटणी, फ्लॉवरचे कोवळे देठ आमटींत, मुळ्याचा पाला पीठ पेरून, असें सुरू झालें. शिळ्या पोळीचा कुस्करा तर मुलें मागून घेऊं लागलीं. ह्या सर्वांत मला आनंद होता, हें कबूल केलें पाहिजे. हिशेबी बाईला स्वतःच्या हिशेबाचें जें कौतुक असतें, तें मला पुष्कळच होतें.

कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नें (१९७०) वाटी-चमच्याचें माप घरोघर नेलें, माझें माप त्याहूनही कडक होतें. पांच माणसांना अडीच वाट्या तांदूळ लागत, तेथें मी सव्वादोन घेत असें. उसळ चौघांना पुरेल एवढीच करीत असें. पांचव्याला कांहीं तरी उरतेंच, असा माझा समज होता.

गौरी-गणपतीच्या आधीं वहीची बेरीज मारली. पूर्वीं जेथें महिना बारा हजार लागत, तेथें साडेसात हजारांत भागलें होतें. वही मीं ह्यांना दाखविली, मुलांना दाखविली.

त्याच सुमारास जिना चढतांना मला दम लागूं लागला. दुपारीं डोळ्यांपुढें अंधारी येई. कामाला बाई येत नाहीं, दगदग वाढली आहे, असें म्हणून मीं तिकडे दुर्लक्ष केलें. एके रात्रीं सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर मी ओट्यापाशीं उभी राहून खिचडीचें पातेलें खरवडीत होतें, तों सासूबाई पाणी घ्यायला आंत आल्या.

“अगं, कढी कुठाय तुझी?”

“संपली, आई. आज मुलांना फार आवडली.”

“काल उसळही संपलीच होती, नाही का?”

मीं उत्तर दिलें नाहीं. त्या पाण्याचें भांडें हातांत धरून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या.

“मीही असंच जेवले गं, तीस वर्षं. म्हणून मला दिसतं.”

दुसऱ्या दिवशीं त्यांनीं ह्यांना सांगून मला रक्त तपासायला पाठविलें. हिमोग्लोबिन ८.९ निघालें. स्त्रीच्या रक्तांत तें १२ तरी असावें लागतें. पुढें २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आंकडा वाचनांत आला: १५ ते ४९ वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकीं ५७ टक्क्यांच्या अंगीं रक्त कमी. त्यांत सुखवस्तु घरांतल्याही पुष्कळ आहेत, ह्याचें आतां मला नवल वाटत नाहीं. शेवटीं जेवणारीच्या वांट्याला पोट भरण्यापुरता भात किंवा भाकरी सहसा उरते. संपतें तें उसळ, भाजी आणि दही. ह्यांनीं मुद्दाम माझ्या वांट्याचें कधींच घेतलें नाहीं. परंतु पातेल्यांत किती राहिलें आहे हें पाहण्याची संवय त्यांना कोणीं लावलीच नव्हती. मीं तरी कोठें लावली?

मीं वही पुन्हां उघडली. महिना साडेचार हजारांच्या त्या बचतींत कोणते रुपये मटकीचे, कोणते सालींचे व साठवणीच्या धान्याचे, आणि कोणते माझ्या ताटांतले, हें कांहीं केल्या निवडतां येईना.

डॉक्टरांनीं लोहाच्या गोळ्या दिल्या. जेवणावर लगेच चहा घेऊं नये, त्यानें अन्नांतलें लोह नीट अंगीं लागत नाहीं. उलट पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळावें, असेंही त्यांनीं सांगितलें. सासूबाईंनीं माळ्यावरची लोखंडी कढई काढविली. तांदळाचें माप अडीच वाट्यांवर आलें आणि उसळ पांच जणांची होऊं लागली. त्यासाठीं मुलांच्या बिस्किटांना कात्री लावली, तरी महिन्याचा खर्च सुमारें सहाशें रुपयांनीं वाढलाच.

सर्वांत अवघड गेलें तें एकत्र बसणें. सासूबाईंचा दंडक असा, कीं उसळीच्या पांच वाट्या आधीं भरून ठेवायच्या आणि मगच पानें घ्यायचीं. पहिल्याच रात्रीं धाकट्यानें आपली वाटी संपवून माझ्या वाटीकडे पाहिलें. माझा हात संवयीनें पुढें झाला.

“ती तुझ्या आईची आहे,” सासूबाई म्हणाल्या. “तू चटणी घे.”

त्यानें तोंड वेडेंवांकडें केलें आणि चटणी घेतली.

चार महिन्यांनीं माझें हिमोग्लोबिन ११.४ झालें. त्या वेळीं मीं हट्टानें सासूबाईंनाही तपासणीला नेलें. त्यांचें ९.६ निघालें. आतां अळिवाचे लाडू आम्ही दोघींच्या मापानें करतों.