पाझर

पाणी गाळून वापरावे, गरजेपुरतेच घ्यावे, हा संस्कार आपल्या घरांत बोट धरून चालण्याच्या वयातच होतो. अप्कायिक जीवांची विराधना कमीत कमी व्हावी, हा त्यामागील भाव. परंतु न उघडलेल्या नळातून आणि न दिसणाऱ्या सांध्यातून जे पाणी जाते, त्याचा हिशेब कोण ठेवतो? साधारणपणे २० थेंबांचे १ मिलिलिटर धरले, तर सेकंदाला एक थेंब याप्रमाणे दिवसाला सव्वाचार लिटरांहून अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक पाणी वाया जाते.

गेल्या वर्षी आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर ओल उमटली. बेसिनखालच्या कपाटात कुबट वास येऊ लागला, कोपऱ्यात बुरशी धरली आणि खालच्या मजल्यावरील कापड व्यापारी गृहस्थांच्या छताचे पोपडे सुटू लागले. एका ठेकेदाराने फरशी पूर्ण उखडण्याचा सल्ला देऊन पाच अंकी खर्च सांगितला. इमारतीतील बहुतेकांचा संशय मात्र वरच्या मजल्यावरील भाडेकरू दांपत्यावर होता. खर्च त्यांच्या अनामत रकमेतून वळता करावा, असेही बोलणे सुरू झाले. ते दोघे नवखे. बाजू मांडायलाही बिचकत होते. मी सर्वांकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

तेरीज जुळत नसेल तर अनुभवी मुनीम कोणावर आळ घेत नाही. तो आधी फरक किती आहे ते पाहतो. फरकाला ९ ने भाग जात असेल, तर ५४ च्या जागी ४५ असे अंक उलटसुलट पडले असावेत, हे तो ओळखतो. मग एकेक पान बाद करत जातो. पाण्याचा शोधही याच रीतीने घ्यावा, असे मी ठरविले.

बेसिनखालचे सर्व सामान काढून प्रत्येक नळी आणि सांधा सुती कापडाने कोरडा केला. प्रत्येक सांध्याभोवती पातळ कागदाची पट्टी गुंडाळली. रात्रभर बेसिन वापरले नाही. सकाळी सर्व पट्ट्या कोरड्या होत्या. येणाऱ्या पाण्याच्या नळीवर चोवीस तास दाब असतो. ती गळत असती तर कागद रात्रीतच भिजला असता. म्हणजे दोष जाणाऱ्या पाण्याच्या बाजूला होता. नंतर बेसिनला बूच लावून ते भरून ठेवले. अर्ध्या तासानेही कागद कोरडेच. बूच काढून बारीक धार सोडली, तरी काही नाही. शेवटी भरलेल्या बेसिनमध्ये चिमूटभर हळद कालवली आणि बूच एकदम काढले. सांडपाण्याची नळी तुडुंब भरून वाहिली आणि काही मिनिटांतच भिंतीलगतच्या सांध्यावरील कागद पिवळा झाला!

त्या सांध्यातील रबरी वॉशर कडक होऊन तडकला होता. थेंब खाली न पडता नळीच्या पोटाला चिकटून भिंतीत शिरत होता. त्यामुळे कपाटाचा तळ कोरडा आणि ओल मात्र दूरवर. पाणी दिसते तेथे ते उगम पावतेच, असे नाही. थोड्याशा पैशांचा वॉशर आणि प्लंबरची मजुरी, एवढ्यात काम झाले. मी वर जाऊन त्या दांपत्याला हे सांगितले, तेव्हा त्या मुलीचे डोळे भरून आले. खालच्या गृहस्थांच्या छताचा रंग मी माझ्या खर्चाने करून दिला. त्यांनी त्याच संध्याकाळी वर जाऊन त्या दोघांना जेवायला बोलाविले.

आपल्या सात तत्त्वांत आस्रव, संवर आणि निर्जरा ही तीन आहेत. प्रवचनांत त्यासाठी नावेचा दृष्टान्त देतात: छिद्रातून पाणी आत येणे हा आस्रव, छिद्र बुजविणे हा संवर आणि साचलेले पाणी उपसणे ही निर्जरा. छिद्र न बुजविता उपसत राहणारा थकतो, तरत नाही. भिंतीला पुनःपुन्हा रंग देणे हेही तसेच उपसणे. आणि छिद्र कोठे आहे हे न पाहता दुसऱ्यावर ठपका ठेवणे म्हणजे आपल्याच नावेला आणखी एक छिद्र पाडणे. कारण खोटा आळ हाही आस्रवच.

चातुर्मासात ओलाव्यामुळे जीवोत्पत्ती अधिक होते. म्हणून त्याआधीच एखाद्या रविवारी घरातील प्रत्येक बेसिनखालचे कपाट रिकामे करावे, सांधे कोरडे करून कागद गुंडाळावेत आणि भरलेले बेसिन एकदम सोडून पाहावे. तासाभराचे काम आहे. त्यात पाणी वाचते, भिंत वाचते, जयणा पाळली जाते आणि क्वचित एखाद्या निरपराध शेजाऱ्याची अब्रूही वाचते.